एक नाव, दोन मुली आणि एक फंक्शन

फोन सकाळी साडेनऊला आला. "पेपरात माझ्या मुलीचं नाव आलंय, पण कॉलेज दुसरंच छापलंय," पलीकडून एक वडील बोलत होते. आवाज चिडलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. नातेवाइकांना दाखवायला म्हणून त्यांनी गावातून पाच अंक विकत घेतले होते.

चूक माझी होती. इंटर्नशिपचा तिसरा आठवडा. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा निकाल हातात आला होता, पण त्यात नुसती नावं होती. कॉलेजं दुसऱ्या यादीत होती. मी काय केलं, तर दुसऱ्या यादीत नाव शोधलं, समोरचं कॉलेज उचललं आणि बातमीत टाकलं. त्याच नावाची, त्याच आडनावाची आणखी एक मुलगी त्या यादीत चाळीस ओळी खाली होती. तिथपर्यंत मी गेलेच नाही.

डेस्कवरच्या सरांनी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी दुरुस्ती लिहायला सांगितली आणि एवढंच विचारलं, "नावावरून कॉलेज ठरतं का?"

मी म्हटलं, "बहुतेक वेळा ठरतं, सर."

"बहुतेक वेळा ठरतं म्हणजे ठरत नाही," ते म्हणाले आणि चहाला गेले.

त्या दिवशी घरी जाताना लक्षात आलं की हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. वेगळ्या शब्दांत, अकरावीच्या गणिताच्या तासाला.

व्याख्या पाठ, अर्थ सपाट

अकरावी सायन्सला असताना आधी 'सेट्स अँड रिलेशन्स' आणि मग 'फंक्शन्स' असे धडे होते. व्याख्या घोकली होती. पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाशी दुसऱ्या संचातला एक आणि एकच घटक जोडलेला असेल, तर त्या संबंधाला फलन, म्हणजेच फंक्शन म्हणतात. पेपरात लिहिली, मार्क पडले, विसरले. पुढे ट्रॅक बदलून मास कॉमला आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची! पण त्या फोननंतर ती व्याख्या पुन्हा उघडून बसावं लागलं.

आपल्याकडे 'संध्याकाळी फंक्शन आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "जेवायला काय आहे बे?" तर मग तिथूनच सुरू करू.

लग्नाची पंगत बसली आहे. एका बाजूला पाहुण्यांचा संच, दुसऱ्या बाजूला मांडलेल्या ताटांचा संच. वाढप्यांचे नियम दोनच. पहिला, आलेल्यांपैकी कुणीही उपाशी राहता कामा नये, प्रत्येकाला ताट मिळालंच पाहिजे. दुसरा, एका माणसापुढे दोन ताटं नाहीत. हे दोन्ही नियम पाळले गेले, की पाहुण्याकडून ताटाकडे जाणारी ती जोडणी गणिताच्या अर्थानंसुद्धा फंक्शन झाली.

आता गंमत बघा, यात काय काय चालतं. नवरा-नवरी एकाच ताटात जेवायला बसले तर चालतं का? चालतं. नवऱ्याचं ताट एकच, नवरीचंही एकच, ते योगायोगानं तेच आहे एवढंच. शेवटच्या ओळीतली चार ताटं रिकामी राहिली तर? तेही चालतं. नियम पाहुण्यांसाठी आहे, ताटांसाठी नाही. पुस्तकी भाषेत पाहुणे म्हणजे डोमेन, मांडलेली सगळी ताटं म्हणजे कोडोमेन आणि ज्यांत खरोखर कुणी जेवलं तेवढी ताटं म्हणजे रेंज. कोडोमेन आणि रेंज यांत माझा कायम गोंधळ व्हायचा. तो त्या चार रिकाम्या ताटांनी मिटवला.

मग नुसतं रिलेशन म्हणजे काय? रिलेशनला कसलीच अट नाही. त्याच लग्नात 'कोण कोणाला ओळखतो' ही यादी करा. मामा पन्नास जणांना ओळखतो. कोपऱ्यातला एक जण कुणालाच ओळखत नाही, तो फक्त जेवायला आलाय. एकाला पन्नास, एकाला शून्य. हे रिलेशन आहे, पण फंक्शन नाही. प्रत्येक फंक्शन हे रिलेशन असतं, उलटं मात्र खरं नाही.

दिशा चुकली की घोळ

आमच्या वर्गात 'फंक्शन आहे की नाही, कारणासह सांगा' या प्रश्नावर एक चुकीचं उत्तर कायम यायचं आणि ते लिहून मी स्वतः मार्क घालवलेत. 'दोन वेगळ्या इनपुटला एकच आउटपुट आहे, म्हणून हे फंक्शन नाही.' साफ चूक. 'एक आणि एकच' हे शब्द वाचले की आपण मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी एकास एक अशी जोडी लावून टाकतो. अट मात्र एकाच दिशेनं आहे.

सात रस्त्यावर उभं राहून बघा. त्या चौकात येणारा कुठलाही रस्ता घ्या आणि विचारा, हा कोणत्या चौकाला मिळतो? उत्तर एकच, सात रस्ता. सात इनपुट, सगळ्यांचं आउटपुट एक, आणि हे फंक्शन आहे. आता उलटं विचारा, सात रस्त्यावरून कोणता रस्ता निघतो? रिक्षावाला म्हणेल, "अहो, कुठला सांगू?" एका इनपुटला सात उत्तरं. फंक्शन मोडलं.

माझी चूक अगदी हीच होती. विद्यार्थ्याचा पीआरएन नंबर दिला तर नाव एकच येतं. पीआरएनकडून नावाकडे जाणारं फंक्शन आहे. दोन वेगळ्या पीआरएनला एकच नाव असलं तरी काही बिघडत नाही. मी मात्र नावाकडून विद्यार्थ्याकडे निघाले, म्हणजे उलट्या दिशेनं. आणि सोलापुरात हे जास्तच धोक्याचं. ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यामुळे घरोघरी सिद्धाराम आणि सिद्धेश्वर. कॉलेजच्या कट्ट्यावर "ए सिद्धा, काय करलालास बे?" अशी हाक मारा, चार माना वळतील.

उभी रेघ ओढा

आलेखावरून फंक्शन ओळखायची एक युक्ती शिकवतात, 'व्हर्टिकल लाइन टेस्ट'. उभी रेघ आलेखाला दोन ठिकाणी कापत असेल तर ते फंक्शन नाही. युक्ती लक्षात राहते, पण उभीच रेघ का, हे कुणी विचारत नाही.

मे महिन्यातला आपला एक दिवस घ्या. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. समजा सकाळी ११ वाजता ३८ अंश, दुपारी ३ ला ४२ आणि संध्याकाळी ६ ला पुन्हा ३८. एका थर्मामीटरवर दुपारी ३ वाजता ४२ आणि ३९ असे दोन आकडे एकदम दिसतील का? नाही. ३ वाजताच्या जागेवर उभी रेघ ओढली तर ती आलेखाला एकदाच भेटते. आडवी रेघ मात्र ३८ वर ओढली की ११ आणि ६ अशा दोन्ही ठिकाणी भेटते, आणि त्यात काहीच गैर नाही. उभी रेघ म्हणजे 'या एका इनपुटला उत्तरं किती?' हा प्रश्न. म्हणून ती उभी.

आता वर्तुळ घ्या. एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर २५. एक्सला ३ ठेवा, वाय ४ पण येतो आणि उणे ४ पण. उभी रेघ दोनदा कापते. वर्तुळ हे एक्स आणि वायमधलं सुंदर रिलेशन आहे, पण फंक्शन नाही.

इथेच माझी आणखी एक जुनी शंका सुटली. एक्सचा वर्ग २५ असेल तर उत्तरं दोन, ५ आणि उणे ५. मग वर्गमूळाच्या चिन्हाखाली २५ लिहिलं की फक्त ५ च का? कारण कॅल्क्युलेटरवर बटण एक असतं आणि ते दाबल्यावर उत्तर एकच यायला हवं. ते चिन्ह फंक्शन व्हावं म्हणून गणितानं दोनांतलं धन उत्तर निवडायचं ठरवलं. आणि साध्या कॅल्क्युलेटरला उणे ४ चं वर्गमूळ विचारलं की तो 'एरर' दाखवतो. म्हणजे पंगतीत एक जण उपाशी. त्यावर उपाय म्हणजे आमंत्रणच नीट द्यायचं. डोमेनमध्ये शून्य आणि धन संख्याच घ्यायच्या, मग कुणी उपाशी राहत नाही.

सूत्र लागतंच असं नाही

फंक्शन म्हणजे एफ ऑफ एक्स, आणि बरोबरच्या पुढे एक सूत्र, असं आपल्याला वाटतं. यात आपला फार दोष नाही. मोठमोठ्या गणितज्ञांनाही एके काळी तसंच वाटायचं. फंक्शन हा शब्द गणितात आणला लाइब्निझनं, सतराव्या शतकात. एफ ऑफ एक्स ही लिहायची पद्धत ऑयलरची. त्याच्या १७४८ च्या पुस्तकात फंक्शन म्हणजे जवळपास सूत्रच. पुढे १८३७ मध्ये जर्मन गणितज्ञ डिरिक्ले यानं हा विचार मोकळा केला. प्रत्येक एक्सला एक ठरलेला वाय मिळतो ना? मग तो एका सूत्रानं मिळतो की वेगवेगळ्या नियमांनी, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

सूत्राशिवायचं फंक्शन बघायला लांब जायला नको. आपली चादर बघा. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियों शहरात जोसेफ मारी जॅकार्डनं ही रचना बसवली. आधी नक्षी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. एक कार्ड म्हणजे विणकामाची एक आडवी ओळ. कार्डावर भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खालीच राहतो.

आता दोन नियम लावा. कार्डावरच्या प्रत्येक जागेला उत्तर आहे का? आहे, भोक आहे किंवा नाही. एका जागेला दोन उत्तरं आहेत का? नाहीत, धागा एकाच वेळी वर आणि खाली राहू शकत नाही. चोख फंक्शन. मोराच्या पिसाऱ्याचं कुठलं सूत्र सांगणार? सूत्र नाहीच, कार्डांची चळत हेच फंक्शन. काठाच्या दहा ओळी सारख्या असतील तर दहा कार्डं सारखी, तेही चालतं. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, पुठ्ठ्याच्या जागी कॉम्प्युटरची फाइल आली, पण जोडणी तीच. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात कार्डांची ही कल्पना याच मागावरून घेतली होती. पूर्व भागातून जाताना खडखड ऐकू आली, तर हे आठवून बघा.

देवळालीचे मास्तर

फंक्शन सरळ आणि उलटं चालवून बघण्यात ज्यांनी हयात घालवली, असे एक मराठी मास्तर होऊन गेले, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनचे पदवीधर, पुढे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. ६१७४ या त्यांच्या आकड्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला मात्र त्यांचा दुसरा खेळ जास्त आवडला.

खेळ सोपा आहे. एक संख्या घ्या, तिच्यातच तिच्या अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेतली तर ४ अधिक ७ म्हणजे ११, आणि ४७ अधिक ११ म्हणजे ५८. कुठलीही संख्या टाका, उत्तर येतंच आणि एकच येतं. फंक्शन.

आता मास्तरांसारखं उलटं विचारा. १०१ हे उत्तर कोणत्या संख्येपासून आलं? ९१ करून बघा, ९१ अधिक १० म्हणजे १०१. आता १०० करून बघा, १०० अधिक १, पुन्हा १०१! जन्मदाते दोन. म्हणजे उलटी वाट फंक्शन नाही. आणि २० कोणत्या संख्येपासून येतात? शोधत बसा, सापडणार नाही. १९ च्या आतल्या सगळ्या संख्या पाच मिनिटांत तपासून होतात. २० ला जन्मदाताच नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी 'सेल्फ नंबर' म्हटलं, म्हणजे आपल्या भाषेत स्वयंभू. देवळाली संख्या हेही त्यांचंच नाव. पंगतीच्या भाषेत ही रिकामी ताटं. कोडोमेनमध्ये आहेत, रेंजमध्ये नाहीत. रिकाम्या ताटांकडे कुणी बघत नाही. कापरेकरांनी बघितलं, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरातून त्यांचं काम जगभर पोहोचवलं.

स्कॉलरशिप कुठे गेली?

हे सगळं पुस्तकात ठीक आहे, पण खिशाला लागलं की जास्त पटतं. माझी एक मैत्रीण महाडीबीटीच्या स्कॉलरशिपसाठी दोन महिने आपल्या जुन्या खात्याचं पासबुक भरून आणत होती. पैसे काही येईनात. नंतर कळलं, ते केव्हाच आले होते, दुसऱ्या बँकेत. कॉलेजला आल्यावर तिनं जे नवीन खातं उघडलं होतं, त्यात.

असं का झालं? आपण तीन बँकांत खाती उघडतो आणि तिन्ही ठिकाणी आधार कार्डाची झेरॉक्स देतो. 'आधार नंबर आणि बँक खाती' हे झालं रिलेशन, एकाला तीन. पण सरकारला पैसे टाकायचे असतील तर रिलेशन कामाचं नाही. 'तिघांपैकी कुठे टाकू?' हा प्रश्न मशिनला पडून चालत नाही. म्हणून एनपीसीआय या संस्थेकडे एक वेगळी यादी असते. त्यात प्रत्येक आधार नंबरासमोर एका वेळी एकच बँक, सगळ्यात शेवटी ज्या बँकेतून ते 'सीडिंग' झालं ती. या यादीचं नावच मॅपर आहे, आणि फंक्शनला गणितात मॅपिंग असंही म्हणतात. योगायोग नाही, काम तेच आहे.

ही यादी दोन्ही नियम शिकवते. नवीन बँकेत सीडिंग केलं की जुनी बँक यादीतून जाते, कारण दोन ताटं चालत नाहीत. आणि कुठेच सीडिंग नसेल तर आधारवर येणारे पैसे अडकतात, कारण माणूस पंगतीतच बसलेला नाही. तुमचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय हे 'माय आधार'च्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. अर्ज भरायच्या आधी बघून घ्या. मैत्रिणीचे दोन महिने तुमचे जाऊ नयेत.

आता पहिला कॉलम

आता माझ्याकडे कुठलीही यादी आली की मी आधी एकच गोष्ट बघते. उत्तर शोधायला मी जो कॉलम वापरणार आहे, त्यात एकच नोंद दोनदा येते का? आणि कुणाची जागा रिकामी आहे का? रोल नंबर, सीट नंबर, पीआरएन यांपैकी काहीतरी असल्याशिवाय नुसत्या नावांवर पुढे जात नाही. आयोजकांना फोन करून नंबर मागते. ते वैतागतात. वैतागू देत.

दुरुस्ती छापून आली त्या दिवशी मी त्या वडिलांना स्वतःहून फोन केला. माफी मागितली. ते म्हणाले, "आज बरोबर आलंय की. आजचे पण पाच अंक घेतलेत."